बिल्ला सगळ्यांना मिळतो, मत नाही: राष्ट्रीय विज्ञान परिषदेला आणि तिथल्या आमसभेला जाताना

परिषदेच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी साडेपाचच्या रकान्यात, कार्यक्रमपत्रिकेवर एक ओळ छापलेली असते: 'वार्षिक सर्वसाधारण सभा, फक्त सभासदांसाठी'. ती वाचली की बहुतेक मंडळी बॅग खांद्याला अडकवून गाव बघायला निघतात. पहिल्या दोन परिषदांना मीही निघाले. एका गावी किल्ला पाहिला, दुसऱ्या गावी सासूबाईंसाठी साडी घेतली. तिसरी परिषद नोव्हेंबरात तामिळनाडूत होती. बाहेर पावसानं झोडपून काढलं होतं, म्हणून नाइलाजानं हॉलमध्येच बसून राहिले. माझ्या डोळ्यांदेखत चार मिनिटांत आजीव सभासदत्वाची वर्गणी वाढली, पुढच्या वर्षीचं गाव ठरलं आणि नियतकालिकाची छापील प्रत बंद झाली. मी डोकी मोजली. चौतीस. उद्घाटनाला ह्याच हॉलमध्ये मला बसायला खुर्ची मिळाली नव्हती.

मी यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला, तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. आमच्याकडच्या कित्येक विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराईड आहे. माझा अभ्यास त्याच्यावर. आमच्यासारख्या कॉलेजातून राष्ट्रीय परिषदेला जाणारा माणूस पेपर वाचतो, प्रमाणपत्र घेतो आणि परत येतो. आमसभेत बसत नाही, कारण तिथं काय चालतं हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून हे सगळं, सुरुवातीपासून.

आधी संस्था पारखा

आपल्याकडे विषयवार जुन्या संस्था आहेत. इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी 1907 ची, सगळ्या विज्ञानांची मिळून सायन्स काँग्रेस 1914 ची, इंडियन बॉटनिकल सोसायटी 1920 ची, आणि आमच्या रसायनवाल्यांची इंडियन केमिकल सोसायटी 1924 ची. तिचे पहिले अध्यक्ष प्रफुल्लचंद्र राय. कीटकशास्त्र, मृदाशास्त्र, भूशास्त्र, सगळ्यांच्या आपापल्या संस्था आहेत. तुमच्या पीएचडीच्या मार्गदर्शकांना विचारा, ते कोणत्या संस्थेचे सभासद आहेत. बहुतेकदा तिथूनच धागा सापडतो.

दुसऱ्या बाजूला व्हॉट्सॲपवर येणाऱ्या परिषदा. नावात 'आंतरराष्ट्रीय' आणि 'बहुविद्याशाखीय' असतं. रसायनशास्त्र, वाणिज्य, मराठी साहित्य, ग्रंथालयशास्त्र आणि योग हे सगळं एकाच दिवशी, एकाच लॉनमध्ये. दुपारी पेपरचा सारांश पाठवला की संध्याकाळपर्यंत 'स्वीकारला'. पैसे कुणाच्या तरी खासगी मोबाईल नंबरवर. अशा ठिकाणी आमसभा नसते, कारण सभासदच नसतात.

नोंदणी क्रमांक दिसला म्हणून हुरळून जाऊ नका. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात माणसं जमली की संस्था नोंदता येते. क्रमांकापेक्षा तीन गोष्टी मागा: संस्थेची घटना, म्हणजे नियमावली, निवडून आलेल्या कार्यकारिणीची यादी, आणि गेल्या वर्षीचा लेखापरीक्षित ताळेबंद. खरी संस्था ह्या तिन्ही गोष्टी देते, उशिरा का होईना. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, मान्य संशोधन-नियतकालिकांची केअर यादीही 2025 मध्ये बंद केली, त्यामुळं चांगलं-वाईट ठरवायचं काम आता आपल्याच गळ्यात आहे.

नेमणूक-बढतीसाठी धरतात त्या संशोधन गुणांचा हिशोबही सांगून टाकते, कारण स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न तोच येतो. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत राष्ट्रीय परिषदेत पेपर वाचल्याचे तीन गुण. त्यातही व्याख्यानं-पेपरवाचन आणि धोरण-दस्तऐवज ह्यांचे मिळून एकूण संशोधन गुणांच्या तीस टक्क्यांच्या वर धरत नाहीत. नुसत्या प्रमाणपत्रांसाठी वर्षाला चार परिषदा फिरणं हा तोट्याचा धंदा आहे. एक संस्था धरा आणि तिथंच दरवर्षी, निदान वर्षाआड, जा.

सभासदत्व: इथंच माझी विकेट गेली होती

परिषदेत गळ्यात जो बिल्ला येतो त्यावर सगळ्यांच्याच नावाखाली 'डेलिगेट' छापलेलं असतं. नोंदणी शुल्क भरलं की बिल्ला मिळतो. पण आमसभेत मत बिल्ल्याला नसतं, सभासद क्रमांकाला असतं. काही संस्थांच्या विभागीय शाखा असतात आणि शाखेचा निवडलेला प्रतिनिधी वेगळा असतो. त्याच्याकडे शाखेचं अधिकारपत्र लागतं. तुम्ही ह्यातले कोण आहात, ते निघण्याआधीच स्पष्ट करून घ्या.

मी चौथ्या परिषदेला अगदी तयारीनं गेले होते. हॉलच्या दारात टेबल, टेबलावर सभासदांची यादी, आणि यादीत माझ्या नावासमोर लाल फुली. वार्षिक वर्गणी एप्रिलमध्ये भरायची होती, मी ती परिषदेच्या शुल्काबरोबर भरू म्हणून ठेवली होती. यादी सांभाळणारे काका शांतपणे म्हणाले, "बसा, ऐका, पण हात वर करू नका." मला राग आला. नंतर कायदा वाचला तर काकांचं बरोबर होतं. 1860 च्या कायद्याच्या कलम 15 मध्ये साफ लिहिलंय, की ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली आहे त्याला मत नाही आणि त्याची सभासद म्हणून गणतीही नाही. सगळ्या संस्था ह्याच कायद्याखाली येतात असं मात्र नाही. कर्नाटक, पश्चिम बंगाल, तामिळनाडू ह्या राज्यांचे स्वतःचे कायदे आहेत, म्हणून संस्था कुठं नोंदलेली आहे ते बघायचं. महाराष्ट्रात नोंदलेली असेल तर धर्मादाय आयुक्तांकडेही तिची नोंद असते.

परवडत असेल तर सरळ आजीव सभासदत्व घ्या. एकदाच भुर्दंड बसतो आणि थकबाकीची कटकट कायमची मिटते. घेताना पत्ता घरचा द्या, कॉलेजचा नको. संस्थेच्या निवडणुकीची माझी पहिली मतपत्रिका कॉलेजच्या आवक टेबलावर, सेमिनारच्या पत्रकांच्या गठ्ठ्यात, मुदत संपून तीन आठवडे झाल्यावर सापडली. आता मतदान ईमेलवर होतं तिथंही तीच गत: एमफिलच्या वेळचा ईमेल दिलेला, त्याचा पासवर्ड कुणाला आठवतोय?

सारांश लिहिताना

परिषदा ऑक्टोबर ते फेब्रुवारीत भरतात आणि सारांशाची मुदत दोन-तीन महिने आधी, म्हणजे बऱ्याचदा ऐन पोळा-गणपतीत संपते. शब्दमर्यादा साधारण अडीचशे ते तीनशे. माझ्या पहिल्या सारांशाचं शेवटचं वाक्य होतं, 'निष्कर्षांवर परिषदेत चर्चा केली जाईल.' तो परत आला, आणि यायलाच हवा होता. निष्कर्ष नसलेला सारांश म्हणजे अक्षता नसलेली पत्रिका.

काय लिहायचं? फ्लोराईडचंच उदाहरण घ्या. कोणत्या गावच्या किती विहिरी आणि किती बोअर. नमुने पावसाळ्याआधीचे की नंतरचे. मोजणी कोणत्या पद्धतीनं, इलेक्ट्रोडनं की रंगमापनानं. आणि भारतीय मानकाप्रमाणे लिटरला 1 मिलिग्रॅमच्या वर किती नमुने गेले, दुसरं पाणीच नसेल तर जी 1.5 ची सूट आहे तिच्याही वर किती. एवढे आकडे आले की सारांश उभा राहतो. 'ग्रामीण भागातील गंभीर समस्या' वगैरे प्रस्तावनेत शब्द घालवू नका. वाचणाऱ्याला ते माहीत असतं.

तोंडी की पोस्टर, असं विचारलं तर माझं मत पोस्टरच्या बाजूचं आहे. तोंडी पेपरला आठ-दहा मिनिटं, समोर पेंगुळलेले पंधरा लोक, आणि अध्यक्ष सारखे घड्याळाकडे बघणारे. पोस्टरसमोर दोन तास उभं राहिलं की ज्याला खरंच रस आहे तो स्वतः चालत येतो. इंग्रजीची धास्तीही तिथं कमी. दोघंही हळूच हिंदीवर येतात आणि बोलणं मोकळं होतं.

रजा, पैसा, गाडी

नियमित शिक्षकांना शैक्षणिक वर्षात 30 दिवसांपर्यंत कर्तव्य रजा मिळू शकते आणि परिषदेला जाणं तिच्यात बसतं. अर्जाला स्वीकृतीपत्र आणि कार्यक्रमपत्रिका जोडा. तासिका तत्त्वावरच्या मंडळींना ही रजा नाही. तास बुडाला की पैसे बुडाले. ही गोष्ट डोक्यात ठेवा, आमसभेच्या भागात तिच्याकडे परत यायचं आहे.

पैसे मागताना प्राचार्यांकडे एकट्यानं जाऊ नका, आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या, समन्वयकांना सोबत घ्या. कॉलेजांचं मूल्यांकन नॅक करते; संलग्नित महाविद्यालयांसाठीच्या तिच्या पुस्तिकेत 6.3.2 हा निकष असा आहे, की किती शिक्षकांना परिषदेला जाण्यासाठी आणि व्यावसायिक संस्थांच्या सभासदत्वासाठी आर्थिक मदत दिली. नीट वाचा: सभासदत्वासाठीसुद्धा. हे दाखवलं की 'फंड नाही' म्हणणारं तोंड निदान 'बघू' म्हणतं. अर्धं शुल्क मिळालं तरी घ्या, आणि मंजुरी लेखी घ्या. हिवाळी परीक्षेची ड्युटी ह्याच दिवसांत लागते. तिची अदलाबदल अर्जाआधीच करून ठेवलीत तर नकाराचं एक कारण कमी होतं.

रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं. स्वीकृतीपत्राची वाट बघत बसलात तर तिकीट जातं. तारखा जाहीर झाल्या की तिकीट काढा, नाही जमलं तर रद्द करा. आमच्या भागातल्यांनी एक बारकी गोष्ट सांभाळावी. मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्या वर्ध्याला थांबतात, दिल्ली-चेन्नई मार्गावरच्या बऱ्याच सेवाग्रामला. तिकिटावर नीट वाचा. रात्री साडेअकराला चुकीच्या स्टेशनवर उभं राहून ऑटो शोधणं काय असतं, ते मी केलंय. आणि गाडी पकडायला शेवटची एसटी धरू नका, तिच्या आधीची धरा. टायर पंक्चर व्हायला आपल्याच बसला मुहूर्त सापडतो.

राहण्याची सोय मागताना बायकांनी स्पष्ट विचारावं: महिलांसाठी वेगळी व्यवस्था आहे का, सभागृहापासून किती लांब, रात्रीच्या जेवणानंतर परत सोडायला गाडी आहे का. संकोच करू नका. आयोजकांना ह्या प्रश्नांची सवय असते, आणि नसेल तर व्हायला हवी. थंडीत उत्तरेकडे जाणार असाल तर आपल्याकडच्या स्वेटरच्या भरवशावर राहू नका.

पोस्टर आणि फ्लेक्सवाला

तालुक्यात पोस्टर छापणारा म्हणजे भाऊंच्या वाढदिवसाचे बॅनर छापणाराच. तो फुटांत बोलतो, परिषद सेंटिमीटरमध्ये. पत्रकात 90 × 120 सेंटिमीटर लिहिलेलं असतं, तो म्हणतो 'म्हंजे तीन बाय चार'. तीन फूट म्हणजे 91.4 सेंटिमीटर. बोर्ड बरोबर नव्वदचा निघाला तर कड दुमडते, आणि दुमडलेल्या कडेत नेमके आलेखाचे आकडे असतात. त्याला इंचात सांगा: 35 बाय 47. उभं की आडवं, तेही सांगा. कोपऱ्यांना रिंगा मारू नको, हे दोनदा सांगा. त्याचा हात सवयीनं तिकडेच जातो. मागची पार्श्वभूमी पांढरी ठेवा. माझ्या पहिल्या पोस्टरला त्यानं आपणहून केशरी-पिवळी छटा दिली होती, "मॅडम, खुलून दिसते ना." फाईल पीडीएफ करूनच न्या, नाहीतर त्याच्या संगणकावर मायक्रोग्रॅमच्या चिन्हाचा चौकोन होतो.

छापल्यावर घडी घालू नका. जाड पुठ्ठ्याच्या नळीत घाला. कापड दुकानात तागा संपला की अशी नळी फुकट मिळते. सोबत दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी, टाचण्या आणि पोस्टरच्या ए-फोर आकाराच्या वीस प्रती.

परिषदेचे दिवस

ह्यावर फार लिहीत नाही, पहिल्याच दिवशी सगळं कळतं. फक्त सकाळी नोंदणीच्या रांगेत लवकर उभं राहा आणि बिल्ला, पावती, सारांशांचं पुस्तक घेतल्यावर एक प्रश्न विचारा: "आमसभेची विषयपत्रिका आणि अहवाल कुठं मिळेल?" टेबलावरच्या विद्यार्थ्याला माहीत नसतं. तो कुणाला तरी विचारतो, तो कुणीतरी सचिवांना विचारतो, आणि अशा रीतीनं तुम्ही कोण आहात हे सचिवांना पहिल्याच तासात कळतं.

संत्र्यांचा हंगाम असेल तर दोन किलो घेऊन जा. शेजारच्या पोस्टरवाल्याला संत्रं सोलून दिलं की ओळख व्हिजिटिंग कार्डापेक्षा पक्की होते. माझी सगळ्यात उपयोगी ओळख, आसामच्या एका सरांची, अशीच झाली. त्यांच्याकडेही फ्लोराईड आहे.

आमसभा

आता खरं काम. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात आमसभा नवीन नाही. बाबा, काका विविध कार्यकारी सोसायटीच्या आमसभेला जातच होते. ढाचा तोच असतो. तिथं चिवड्याचं पाकीट हातात आलं की ताळेबंदाचं पान कोणी उलटत नाही, इथं चहा-बिस्किटांनी तेच होतं.

आदल्या रात्री खोलीवर तीन कागद वाचून ठेवा: घटना, मागच्या सभेचं इतिवृत्त आणि ताळेबंद. घटनेत चार गोष्टी शोधा: गणसंख्या (सभेला किमान किती सभासद हजर हवेत) किती, सभेची सूचना किती दिवस आधी द्यायची, ठराव किती दिवस आधी लेखी द्यायचा, आणि दुसऱ्याच्या वतीनं मत देता येतं का. इतिवृत्तात बघा, की मागच्या वर्षी काय करायचं ठरलं होतं आणि ते झालं का. आमच्या इतिवृत्तात 'संकेतस्थळ अद्ययावत करणे' हा विषय तीन वर्षं त्याच शब्दांत होता.

ताळेबंदाला लोक घाबरतात. रसायनवाल्यांनी तरी घाबरू नये, दोन्ही बाजू जुळवण्यातच आपलं आयुष्य जातं. मी चारच ठिकाणी बोट ठेवते. आजीव सभासदांकडून आलेला निधी ठेव म्हणून बाजूला आहे, की रोजच्या खर्चात जिरला? मागच्या परिषदेतून उरलेल्या पैशांतला संस्थेचा वाटा यजमान कॉलेजनं जमा केला का? नियतकालिकावर किती गेले? आणि 'संकीर्ण खर्च' फुगलेला आहे का? उत्तरं बहुतेक वेळा सरळ असतात. विचारणारं कोणी आहे, एवढं कळलं तरी पुढच्या वर्षीचा ताळेबंद जरा स्वच्छ येतो. पैशाचा प्रश्न मोठ्या संस्थेलाही सुटत नाही. 1914 पासून चालत आलेली सायन्स काँग्रेस 2023 च्या जानेवारीत आपल्या नागपूर विद्यापीठात भरली, तिचं 108 वं अधिवेशन. पुढच्या जानेवारीतलं अधिवेशन मात्र भरलं नाही. केंद्राचा विज्ञान विभाग आणि संस्था यांच्यात निधीवरून वाद पेटला होता.

सभेला दहा मिनिटं आधी जा, सही करा आणि पुढून दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत बसा. सूचनेच्या तळाशी बारीक अक्षरात एक वाक्य असतं: 'गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व त्या सभेस गणसंख्येची आवश्यकता राहणार नाही.' ह्या वाक्यात सगळी मेख आहे. साडेपाचला माणसं मोजतात, पुरत नाहीत, सभा तहकूब. चहा येतो. चहा पिता पिता आणखी चार-सहा जण सटकतात. सहाला जे उरतात ते पुढच्या वर्षभराचं ठरवतात, आणि ते नियमाला धरूनच असतं. त्या अर्ध्या तासात हॉल सोडू नका.

मग विषय येतात. मागील इतिवृत्त कायम करणे, सचिवांचा अहवाल, जमाखर्चास मंजुरी, लेखापरीक्षकांची नेमणूक, निवडणुकीचा निकाल, पुढील परिषदेचं ठिकाण, आलेले ठराव, आणि शेवटी 'माननीय अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय'. पहिल्या विषयालाच जागे राहा. इतिवृत्तात चूक असेल तर ती फक्त तिथंच दुरुस्त होते. एकदा 'कायम' म्हटलं की झालं.

बोलायचं असेल तर उभं राहा, नाव, सभासद क्रमांक आणि गाव सांगा आणि जे बोलायचं ते अध्यक्षांना उद्देशून बोला, कोषाध्यक्षांकडे बोट दाखवून नाही. एका वेळी एकच मुद्दा. पहिली दोन वाक्यं कागदावर लिहून न्या. माझे अजूनही हात थरथरतात. उत्तर मिळालं नाही तर वाद वाढवू नका. "माझ्या प्रश्नाची इतिवृत्तात नोंद घ्यावी" एवढं म्हणून खाली बसा. वर्षभरानं तो प्रश्न छापून तुमच्यासमोर येतो.

आयत्या वेळच्या विषयांत कोणी पैशाचा किंवा नियम बदलण्याचा ठराव सरकवत असेल तर 'हरकतीचा मुद्दा' म्हणून उठा. संस्थेचा उद्देशच बदलायचा असेल तर 1860 च्या कायद्यात त्याची वाट बांधून दिलेली आहे: सभासदांना 10 दिवस आधी लेखी प्रस्ताव, खास सभेत तीन पंचमांश मतं, आणि महिन्याभराच्या अंतरानं दुसऱ्या खास सभेत पुन्हा तीन पंचमांश. सहा वाजून चाळीस मिनिटांनी, 'सर्वांची संमती आहे असं समजून' ते होत नाही.

आता ठराव. मी पाचव्या परिषदेला एक नेला होता: 'तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांना नोंदणी शुल्क संशोधक विद्यार्थ्यांच्या दराने आकारावे.' नियमाप्रमाणे 21 दिवस आधी सचिवांना पाठवला. सूचक मी, अनुमोदक आसामचे सर. सभेत पहिला प्रश्न आला, "तासिका तत्त्व म्हणजे काय?" मी अवाक. महाराष्ट्राबाहेर हा शब्दच नाही. कुठं अतिथी शिक्षक म्हणतात, कुठं कंत्राटी, कुठं आणखी काही. इंग्रजीत मी जे 'सीएचबी' (क्लॉक अवर बेसिस) असं तीन अक्षरी रूप लिहिलं होतं ते तर कुणालाच कळलं नव्हतं. उभ्या उभ्या शब्द बदलले: 'ज्यांना नियमित मासिक वेतन नाही असे महाविद्यालयीन शिक्षक'. आसामचे सर उठून म्हणाले, आमच्याकडे अशांचीच संख्या जास्त आहे, आणि हॉलचा सूर बदलला.

तरी अध्यक्ष म्हणाले, ठराव 'कार्यकारिणीकडे विचारार्थ पाठवू'. बरेच ठराव ह्या वाक्यात गाडले जातात. तेव्हा आसामच्या सरांनी मला कोपरानं ढोसलं आणि मी विचारलं, "कधीपर्यंत?" दोन-चार जण हसले, पण शेवटी 'पुढील परिषदेचे पहिले पत्रक निघण्यापूर्वी' असे शब्द इतिवृत्तात गेले. ठरावात कोण करणार आणि केव्हापर्यंत, हे दोन्ही असलं पाहिजे. पुढच्या पत्रकात शुल्काच्या तक्त्याला एक ओळ वाढली होती. दर अगदी विद्यार्थ्यांचा नव्हता, थोडा वर होता. आमच्या कॉलेजातले तासिकेवरचे दोघं त्या वर्षी आले, स्लीपरनं, एकाच नळीत दोन पोस्टर घेऊन.

परत आल्यावर

आठवड्याच्या आत सचिवांना दोन ओळींचा ईमेल टाका: इतिवृत्ताचा मसुदा केव्हा मिळेल, आणि मी मांडलेला मुद्दा असा होता. तुमचे शब्द लेखी पोहोचले की मसुद्यात तेच उतरतात. ज्यांच्याशी बोललात त्यांची नावं सारांशांच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर उतरवून ठेवा. पोस्टर विभागात लावा; मुलं वाचतात, निदान फोटो तरी काढतात.

राहता राहिलं प्रवासभत्त्याचं बिल. उपस्थितीचं प्रमाणपत्र, शुल्काची पावती, रेल्वेचं तिकीट, हे सगळं जोडता येतं. घोटाळा एसटीच्या तिकिटाचा होतो. मार्च 2023 पासून आम्हा बायकांना एसटीत अर्धं तिकीट, त्यामुळं रक्कमही किरकोळ. पण लेखा शाखेला कागद पाहिजेच. यंत्रातून निघणारं ते तिकीट उष्णतेनं पुसतं. उतरल्या दिवशीच त्याची झेरॉक्स काढा किंवा मोबाईलवर फोटो घ्या. मी डिसेंबरचं बिल तयार करून फाईलला लावलं होतं, ते मंजुरीला आलं मे महिन्यात. बाहेर पंचेचाळीस डिग्री, फाईल खिडकीच्या उन्हात. बाबूंनी तिकीट उलटंसुलटं करून पाहिलं, उजेडासमोर धरलं आणि माझ्या हातात ठेवलं.

"मॅडम, हे तं कोरा कागद हाये."